एस्क्यूलाइट ८ महिने वापरलं, डेटा झकास सांभाळतं पण टेबल बदलताना घाम फुटतो

लातूरच्या मोंढ्यात काकाची आडत आहे, तिथल्या हिशोबाचं सॉफ्टवेअर मी एस्क्यूलाइट (SQLite) या डेटाबेसवर केलंय, ८ महिने झाले रोज चालू आहे. सर्व्हरची कटकट नाही, सगळा हिशोब एका फाईलीत. सोयाबीनच्या सीझनला दिवसभर पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) निघायल्या, मधीच लाईट गेली तरी सेव्ह झालेली एक नोंद हलली नाही.

त्रास आहे तो टेबल बदलताना. नुसता कॉलम वाढवायचा असला तर काहीच नाही, ओलाव्याचा कॉलम टाकला तर क्षणात झालं, जुन्या ओळींना ते हातच लावत नाही. कॉलमचं नाव बदलणं ३.२५ पासून (२०१८) आन कॉलम काढणं ३.३५ पासून (२०२१) जमतंय. पण एकदा लावलेली युनिकची अट (कॉलममधी तीच किंमत दोनदा चालत नाही) काढायची म्हणलं की आल्टर टेबल या टेबल बदलायच्या कमांडमधी रस्ताच नाही.

माझं तिथंच अडलं. शेतकऱ्याच्या मोबाईल नंबरला मी युनिक लावलेलं, आन बाप-लेक दोघं आपापल्या नावानं माल आणतात, घरात मोबाईल एकच! लेकाचं नाव टाकलं की एरर, इकडं काका ओरडायले, "अरे माप होऊन माणूस उभा राहिलाय, पट्टी दे की!" मग काय, नवीन टेबल करा, सगळा डेटा त्यात कॉपी करा, जुनं ड्रॉप करा, नव्याला जुनं नाव द्या, इंडेक्स आन ट्रिगर परत बनवा.

याच्या आधी फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीला बांधायचा नियम) बंद करावी लागते, ते प्राग्मा नावाच्या सेटिंगच्या कमांडनं. मी ती बिगीनच्या (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकगठ्ठा पक्के होणारे बदल, सुरू करायची कमांड) नंतर बंद केली, आन ट्रान्झॅक्शन चालू असताना तो प्राग्मा कामच करत नाही, वरून एररबी देत नाही! फॉरेन की चालू असताना टेबल ड्रॉप केलं की आधी त्यातल्या सगळ्या ओळी डिलीट होतात, आन पट्टीच्या टेबलाला ऑन डिलीट कॅस्केड होतं, म्हणजे शेतकऱ्याची ओळ गेली की त्याच्या पट्ट्याबी जातात. शेतकरी नव्या टेबलात जशाला तसे, पट्ट्या मोजल्या तर शून्य. हातपाय गार पडले माझे. सकाळी पेन ड्राईव्हवर फाईल कॉपी केलेली म्हणून वाचलो, दुपारपर्यंतच्या ११ पट्ट्या कागदावरून परत टाकल्या.

ते गप्प बसणं मला अजून खटकतं, एवढ्या चांगल्या डेटाबेसनं तिथं ओरडायला पाहिजे होतं. आता आधी प्राग्मा, मग बिगीन, कमिटच्या (बदल पक्के करायच्या) आधी फॉरेन की चेक आन दोन्ही टेबलांची मोजणी, यातलं एकबी चुकवत नाही. बदल कितवा ते डेटाबेसच्या फाईलीतच यूजर व्हर्जन नावाच्या आकड्यामधी लिहून ठेवतो. डेटाबेस मात्र हाच ठेवणार. त्या दिवशी संध्याकाळी लेकाची पट्टी बापाच्याच नंबरवर निघाली.