डब्यात दिवे: कापलेली एलईडी पट्टी की स्वतःचा बोर्ड?

मॉडेल रेल्वेच्या डब्यांत दिवे लावायचे म्हटलं की रस्ते चार: कापून चिकटवायची एलईडी पट्टी, भोकाभोकांचा झिरो बोर्ड, घरी कोरलेला सर्किट बोर्ड, किंवा स्वतः आराखडा काढून कारखान्यातून करून घेतलेला बोर्ड. कुठला चांगला, हे डबे किती आणि त्यातले एकसारखे किती यावर ठरतं. दिवे कसे दिसतील हा प्रश्न दुसरा, कारण कुपे नसतील तर छत बसवल्यावर खिडकीतून चारही जवळपास सारखेच दिसतात.

आधी पट्टी. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा एक तुकडा असतो, आणि मीटरला ६० एलईडीवाली पट्टी दर ५ सेंटिमीटरवर कापता येते. एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ प्रमाणातला लांब डबा घेतला तर आत पाच तुकडे, पंधरा एलईडी बसतात. पट्टी थेट रुळावर जोडायची नाही. डीसीसीत, म्हणजे रुळांतूनच वीज आणि डिजिटल आज्ञा पाठवणाऱ्या पद्धतीत, रुळांवरच्या व्होल्टेजची दिशा सतत उलटसुलट होत असते, म्हणून मध्ये ब्रिज रेक्टिफायर हवाच; वीज कुठल्याही दिशेने आली तरी तो ती एकाच दिशेने पुढे देतो. साध्या डीसीवरही तो ठेवावा, नाहीतर गाडी मागे घेतली की डबा अंधारात.

पट्टीची खरी अडचण म्हणजे तिचा झगमगाट. पूर्ण १२ व्होल्टवर ती एका तुकड्याला साधारण २० मिलिअँपिअर घेते. म्हणजे एका डब्याला १०० मिलिअँपिअर आणि दहा डब्यांना तब्बल एक अँपिअर, तेही फक्त दिव्यांसाठी. वर दिसायला डबा नाही, शोरूम. मी ब्रिजनंतर १ किलोओहमचा एकच रेझिस्टर लावतो. सगळ्या डब्याचं काम मग ५ मिलिअँपिअरच्या आसपास भागतं आणि उजेड डब्यात शोभेल इतका उतरतो. जुन्या धाटणीच्या डब्यांना वॉर्म व्हाइट, ३००० केल्विनच्या आसपास. निळसर पांढरा तिथे डोळ्यांत खुपतो.

दुसरी अडचण अंतराची. पट्टीवर एलईडी दर १६-१७ मिमीवर येणार, कुपे आणि खिडक्या मात्र त्यांच्या मापाने. सलग बैठकीच्या डब्यात हे कळतही नाही. कुप्यांच्या डब्यात एखादा एलईडी नेमका भिंतीवर येतो, एक कुपा उजळतो आणि शेजारचा काळोखात बसतो.

झिरो बोर्डाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भोकांचं अंतर २.५४ मिमी ठरलेलं, छोटे एसएमडी भाग, म्हणजे भोकाशिवाय पृष्ठभागावरच सोल्डर करायचे, त्यावर नीट बसत नाहीत. टेबलावर सर्किट तपासायला उत्तम, छतात चिकटवायला नाही.

घरी बोर्ड कोरणं मला आवडतं, आणि तरीही मी कुणाला सुचवत नाही. लेझर प्रिंटरवर आराखडा छापायचा, इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरवायचा, फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून हलवत राहायचं. दिव्यांचं सर्किट सोपं, रेषा जाड, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात जमतं. पण सोल्डर मास्क, म्हणजे तांब्यावरचा रंगीत संरक्षक थर, नसल्याने उघडं तांबं काळवंडतं, फेरिकचा डाग कपड्यावरून जात नाही आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतता येत नाही, त्यात तांबं विरघळलेलं असतं. वेगळ्याच लांबीचा एखादा डबा असेल तर ठीक. आठ डब्यांसाठी आठ वेळा हे करायचं म्हणजे छंदाची शिक्षा.

आता कारखान्याचा बोर्ड. कायकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढायचा, त्यातून निघणाऱ्या गर्बर फाइल कारखान्याला पाठवायच्या. बहुतेक ठिकाणी किमान पाच नग घ्यावे लागतात आणि १०० × १०० मिमीच्या आतला बोर्ड सर्वात स्वस्त पडतो. डबा त्याहून लांब, म्हणून ९०-९५ मिमीचे तुकडे करून टोकाला टोक सोल्डर करता येतील असे पॅड ठेवावेत. जाडी नेहमीची १.६ मिमी चालते, लांब छतात ती सरळही राहते. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, छताखाली जागाच नसते, तिथे ०.८. सोल्डर मास्क पांढरा घ्या. काळा मास्क उजेड गिळतो.

या बोर्डात मिळतं ते असं: एलईडी हवा तिथे, बरोबर कुप्याच्या मधोमध. रेझिस्टरऐवजी स्थिर करंट देणारी चिप, त्यामुळे रुळावर १२ व्होल्ट असो की १६, उजेड तोच. आणि लुकलुक थांबवायला कॅपॅसिटरची, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागाची, पक्की जागा. चाकं मळकी असली, फाटा ओलांडताना संपर्क तुटला, तरी ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ५ मिलिअँपिअरचा डबा क्षणभर तगवतो. तेवढं पुरतं. कॅपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा डीसीसीवर काठावर येतो.

तोटा मला स्वतःलाच भोगावा लागला. पहिल्या आराखड्यात कॅपॅसिटर मी थेट ब्रिजनंतर जोडला होता. टेबलावर एक डबा छान पेटला. मग आठ डबे रुळावर ठेवून वीज दिली आणि बूस्टर, म्हणजे रुळांना डीसीसीची वीज पुरवणारा डबा, तटकन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. रिकामा कॅपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो, आणि इथे आठ एकदम होते. उपाय साधा: चार्ज होताना वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक डायोड, म्हणजे कॅपॅसिटर भरतो हळू, देतो लगेच. पट्टीच्या डब्यात हे दहा मिनिटांचं काम. मला मात्र आठही बोर्डांवर ब्लेडने रेघ तोडून वरून भाग टेकवावे लागले. बोर्डावरची चूक एकाच डब्यात राहत नाही, जितके नग तितक्या वेळा ती छापून येते.

म्हणून माझा सल्ला असा. दोन-तीन डबे असतील किंवा प्रत्येक वेगळ्या बनावटीचा असेल, तर पट्टी, रेझिस्टर, ब्रिज आणि वर सांगितलेला कॅपॅसिटर. बोर्डाचा विचारही करू नका. एकाच साच्याचे पाच-सहाच्या वर डबे असतील, कुपे असतील, किंवा एन स्केल असेल, तर बोर्ड. पण तेव्हाही पहिला डबा पट्टीनेच करा आणि आठवडाभर पळवून बघा. किती उजेड हवा, कॅपॅसिटर पुरतो का, चाकांवरून वीज घेणारे फॉस्फर ब्राँझचे स्पर्शक गाडीला अडवतात का, हे सगळं त्या डब्यातच कळतं. स्पर्शक गाडीला अडवत असतील तर कुठलाही बोर्ड कामाचा नाही.

ऑर्डर देण्याआधी आराखडा मूळ मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि छताच्या आत बसवून बघा. माप आतून घ्या, खाचा आणि खुंट्या धरून. कॅपॅसिटर शौचालयाच्या टोकाला, जिथे काच दुधी असते. माझ्या त्या आठ डब्यांत तो मधल्या खिडकीच्या वर आहे, आणि गाडी समोरून गेली की प्रत्येक डब्यात छताला टांगलेलं एक काळं पिंप दिसतं.