आम्ही सगळेच दुसरे आलो

बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या गेमच्या खोट्या स्पर्धेत माझे किती बुडाले तो आकडा आधीच सांगून टाकतो, शेवटी लिहायचं ठरवलं तर हात थांबेल. २१,८९९ रुपये. प्रवेश फी १,०००. पाच जर्स्या, प्रत्येकी ४८०, म्हणजे २,४००. लॅन फायनलचं, म्हणजे सगळ्या टीमना एका हॉलमध्ये बसवून होणाऱ्या शेवटच्या फेरीचं, 'परत मिळणारं' डिपॉझिट ५,०००. टीडीएसच्या नावाखाली १२,०००. खातं पडताळणीचे १,४९९. यात फोन हॅक झाला नाही, कुणी ओटीपी चोरला नाही, कुठली लिंक उघडली नाही. पाचही वेळा पिन मीच टाकला.

बीजीएमआयच्या पेड स्क्रिम्समध्ये, म्हणजे पैसे भरून खेळायच्या सराव सामन्यांत, पन्नास-शंभर रुपये बुडणं कुणाला नवीन नाही. स्लॉटचे, म्हणजे मॅचमधल्या जागेचे, पैसे घ्यायचे, मॅचच्या रूमचा आयडी-पासवर्ड द्यायच्या वेळी ग्रुप उडवायचा, हा प्रकार दोन महिने खेळलेल्या पोरालाही ठाऊक असतो. आम्ही जुलै २०२१ मध्ये गेम आला तेव्हापासून खेळतोय. २०२२ च्या जुलैत तो प्ले स्टोअरवरून गेला आणि २०२३ च्या मेअखेर परत आला, तोवरही टीम मोडली नव्हती. त्यामुळे 'एवढं साधं कसं कळलं नाही' असं विचारणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं, मग हसावं.

गणपती गेल्यावर, १५ सप्टेंबरपासून, ज्याने आम्हाला फसवलं त्या आयोजकाने तीन आठवडे फुकट स्क्रिम्स घेतल्या. संध्याकाळी सहाला स्लॉट लिस्ट, ८:५० ला आयडी-पासवर्ड, ९:०५ ला स्टार्ट. सोळा टीम, चुकीच्या स्लॉटवर बसलात तर थेट किक. मॅच संपल्यावर दहा मिनिटांत रिझल्टचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, हरकतीला अर्धा तास. पहिल्या नंबराला ३०० रुपये, तेही रात्रीच्या रात्री. दोनदा आम्ही जिंकलो, दोनदा आले. ते सहाशे मी वर वजा केलेले नाहीत. गळाला लावलेल्या कोलंबीचा हिशोब मासा ठेवत नाही.

परतीच्या पावसात एका रात्री आमच्याकडची लाईट गेली. त्याने अख्खी रूम वीस मिनिटं थांबवली आणि मेसेज टाकला, "दादा, लाईट आली का? राउटर इन्व्हर्टरवर घ्या." ज्याने कोकणात पावसाळ्यात मॅच खेळलीय त्याला कळेल की या एका वाक्याने आमचा अर्धा संशय गेला. इथे उन्हात पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, ४५ असतो आणि पाऊस धरला की १६०. हायवेच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की दोन-दोन दिवस मोबाईल डेटावर. वाडीत रेंज नाही म्हणून आमचे दोघं सड्यावर जाऊन, जांभ्याच्या कठड्यावर बसून खेळतात. असल्या पोरांना कुणी म्हटलं की फायनल हॉलमध्ये होणार, सगळ्यांना एकच नेटवर्क, सगळ्यांना सारखा पिंग, तर ती पोरं पैसे मोजणारच. आपली दुखरी जागा नेमकी माहीत असलेला माणूस आपलाच असतो असं वाटतं. तसं नसतं.

लीग जाहीर झाली. एकूण बक्षीस दोन लाख, दुसऱ्या नंबराला ४०,०००, आणि पहिल्या आठ टीमना लॅन फायनल. ४८ टीम, प्रत्येकी १,०००. गुणाकार करा: जमा ४८,००० आणि वाटायचे दोन लाख. वरचे दीड लाख कोण देणार? आमच्याकडे नाइट क्रिकेटच्या स्पर्धेला ट्रॉफी कुणाची, चेंडू कुणी दिले, मैदानावर पाणी कुणी मारलं, सगळ्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात. या पोस्टरवर एकाही सौजन्यवाल्याचं नाव नव्हतं. नुसतं 'टायटल स्पॉन्सर लवकरच'. हॉल म्हणून एका मंगल कार्यालयाचा फोटो होता. त्या कार्यालयाला एक फोन लावला असता तर त्या तारखेला तिथे साखरपुडा आहे हे दोन मिनिटांत कळलं असतं. फोन मी लावला, पण नंतर.

आता ज्या जागी डोळे उघडायला हवे होते तिथे येतो. हा भाग लिहिताना आजही कानशिलं तापतात.

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. लीगच्या ऑनलाइन फायनलच्या सहा मॅच. तोवर प्रत्येक मॅचनंतर येणारा रिझल्टचा स्क्रीनशॉट त्या दिवशी एकदाही आला नाही. "ऑब्झर्व्हरला ताप आलाय, टेबल रात्री एकदम देतो." लाइव्ह स्ट्रीमही नाही. रात्री साडेअकराला टेबल आलं, तेही ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला. "अभिनंदन, तुम्ही दुसरे. अधिकृत घोषणा होईपर्यंत कुणाला पाठवू नका."

आमच्या जागा होत्या ३, ९, ५, २, १२ आणि ६. पॉइंट सगळीकडे चालतात तेच, पहिल्याला १०, पुढे ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक किलला एक. म्हणजे जागेचे १६. किल ७, २, ५, ९, १, ४, एकूण २८. बेरीज ४४. टेबलात आमच्यासमोर होते ५१. जागेचे १६ बरोबर, किल मात्र ३५. सात किल फुकटचे.

आमच्या टीममधल्या सपोर्ट खेळाडूने लगेच विचारलं, "दादा, सात जास्त कसे?" आम्ही काढलेले स्क्रीनशॉट समोर होते. मी म्हणालो, "असेल त्याच्याकडे काहीतरी वेगळं मोजलेलं, आपण कशाला बोला." चूक आपल्या बाजूने होती म्हणून मी गप्प बसलो. सात किल कमी दाखवले असते तर रात्री एक वाजेपर्यंत त्याच्याशी भांडलो असतो. फसवणाऱ्याने हेच बरोबर ओळखलं होतं. त्याने पहिली लाच मला दिली, मी ती खिशात घातली, आणि नंतरचे पाचपैकी चार हप्ते त्याच्यावरचं व्याज होतं.

आणि मी काम करतो ते एका सीएकडे! ट्रायल बॅलन्स सात रुपयांनी लागला नाही तर रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस मी. त्या टेबलाच्या रकान्यांची बेरीज करायला मला आठ दिवसांनी सुचलं. लागली अकरा मिनिटं.

ही बेरीज प्रत्येकाने शिकून ठेवा. दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल. जागेचे पॉइंट दर मॅचला ठरलेले असतात, १०+६+५+४+३+२+१+१ म्हणजे ३२. सहा मॅचचे १९२. एक कमी नाही, एक जास्त नाही. आमच्या टेबलात तो रकाना २०३ भरत होता. किलचं तसं ठरलेलं नसतं, पण वरची मर्यादा असते. सोळा टीम म्हणजे ६४ खेळाडू, शेवटी एक तरी जिवंत राहतो, म्हणून मॅचला जास्तीत जास्त ६३ आणि सहा मॅचला ३७८. घेरत येणाऱ्या झोनमध्ये मेलेले, गाडीवरून पडलेले, स्वतःच्याच ग्रेनेडने गेलेले धरले की खरा आकडा आणखी खाली येतो. रिकॉल, म्हणजे मेलेल्याला परत खेळात आणायची सोय, बंद ठेवलेल्या रूममध्ये ३७८ च्या वर जाणं शक्यच नाही. आमच्या टेबलात ४१७ होते. म्हणजे ३९ माणसं दोनदा मेली.

सोमवारी डिपॉझिट आणि जर्सीचे ७,४०० गेले. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर परराज्यातल्या कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं. मी विचारलं, उत्तर मिळालं, "आमचा व्हेंडर आहे." स्क्रीनवर येणारं नाव बँकेत नोंदलेलं असतं. ते आयोजकाचं नसेल तर तिथेच थांबायचं, व्हेंडर असो की त्याचा काका.

बुधवारी टीडीएस. इथे मात्र माझ्याकडे सबब नाही, तरी देतो. टीडीएस म्हणजे देणाऱ्याने कापून घ्यायचा कर. ऑनलाइन गेमच्या बक्षिसावर तेव्हा, २०२५ मध्ये, कलम १९४बीए खाली ३० टक्के. ४०,००० मधून १२,००० कापायचे आणि आमच्या हातात २८,००० ठेवायचे. जिंकणाऱ्याने कापणाऱ्याला आधी पैसे पाठवायचे, असं कुठल्याही कायद्यात नाही. हे मी त्याला लिहिलंसुद्धा! त्याचं उत्तर तयार होतं, "नवीन ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे बँका पेमेंट अडवतात, आधी चलन दाखवावं लागतं." २२ ऑगस्टला त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती, रोज बातम्या येत होत्या, पैसे लावून खेळायची ॲप धडाधड बंद पडत होती. मला ते पटलं. नमुना म्हणून त्याने दुसऱ्या टीमचं चलन पाठवलं. त्यावरचा बीएसआर कोड, म्हणजे बँक शाखेचा नंबर, सहा आकडी होता. तो सात आकडी असतो, मी दिवसाला वीस चलनं हाताळतो. पण त्या रात्री मी चलन बघत नव्हतो, २८,००० कुठे खर्च करायचे ते बघत होतो. कुणी टीडीएसचं नाव काढलं तर त्याचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, मागा. दहा अक्षरी असतो, आयकर विभागाच्या साइटवर नाव तपासता येतं. खरा आयोजक तुमचा पॅन मागेल, पैसे मागणार नाही.

शुक्रवारी १,४९९. 'खात्यात पैसे येण्यासाठी पडताळणी.' यावर काही लिहीत नाही.

रविवारी, १९ तारखेला, कुडाळच्या एका टीमच्या आयजीएलचा, म्हणजे खेळताना टीम चालवणाऱ्या कॅप्टनचा, मेसेज आला, लॅनला गाडी शेअर करायची का म्हणून. बोलता बोलता मी म्हणालो, आम्ही दुसरे. पलीकडे शांतता. मग, "दादा, आमी पण दुसरेच आसंव." संध्याकाळपर्यंत लांजा, दापोली, खेड, कणकवली धरून सात टीम सापडल्या, सातही दुसऱ्या. टेबल तेच, रंग तेच, फक्त दुसऱ्या ओळीतलं नाव बदललेलं. पहिला कुणालाच केलं नाही, कारण पहिला कोण याचा अंदाज चिकन डिनरवरून, म्हणजे कोणी किती मॅच जिंकल्या त्यावरून, रूममधल्या सगळ्यांना येतो. दुसरा कोण हे कुणी मोजत नाही.

मग सरकारी शिमगा. सोमवारी नरक चतुर्दशी, आम्ही तिघं पोलीस ठाण्यात. टेबलावरच्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, "रमी का?" नाही म्हटलं. "मग जुगारच ना. नवीन कायदा माहितीय का? उलट तुमच्यावरच केस होईल." आमच्यातला एक सतरा वर्षांचा, तो तिथेच पांढरा पडला. त्या कायद्यात ई-स्पोर्ट्स पैशाच्या खेळांपासून वेगळे काढलेत, प्रवेश फी आणि कामगिरीवर मिळणारं बक्षीस चालतं, आणि पैशाचा खेळ खेळणाऱ्यालाही त्यात शिक्षा नाही. हे कायदा राबवणाऱ्याला मी, एक कारकून, समजावत होतो. "दिवाळीनंतर या." दिवाळीनंतर गेलो तर, "आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करतात, साहेब बंदोबस्ताला." जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तर, "रक्कम छोटी आहे, तुमच्या हद्दीतच द्या." हद्दीत परत आलो तर, "चॅटच्या रंगीत प्रिंट आणा." ४३ पानं, दहा रुपये पान, ४३० रुपये. त्या नेल्या तर, "साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कुठाय?" पहिल्याच दिवशी सांगायला तोंड दुखत होतं का? गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ते कलम छापून नेलं. साहेबांनी वाचलं, घडी घातली, चहाच्या कपाखाली ठेवलं. बँकेने तर एका ओळीत संपवलं, "व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय." खरं आहे, पण तुमच्याच शाखेत पुढच्या बँकेला कळवा म्हणून मी अर्ज दिला, त्याची पोच द्यायला तुम्ही चार दिवस घेतलेत, ते कुणाच्या पिनने?

ठाण्याची पहिली फेरी झाली तरी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचं राहिलं होतं. लावला भाऊबीजेला, २३ तारखेला. ठाण्यात जाण्याआधी, घरी सांगण्याआधी, रडण्याआधी हा नंबर लावायचा. हाताशी बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा नंबर), रक्कम, तारीख, वेळ आणि आपली बँक एवढं ठेवा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तोवरच ते होल्ड करता येतात. आमचे होल्ड झाले १,४९९. बाकीचे निघून गेलेले. आणि ते १,४९९ सोडवायलाही तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता.

चॅट डिलीट करू नका, ग्रुप सोडू नका, त्याला शिव्याही घालू नका. तुम्ही शिव्या घातल्यात की तो सगळं पुसून जातो. आमच्या असॉल्टरने, टीममध्ये पुढे होऊन लढणाऱ्या पोराने, घातल्या, आणि सव्वाशे मेसेज आमच्या डोळ्यांदेखत 'डिलीट' झाले. मी ते आधी एक्स्पोर्ट केले होते, तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून झाली.

त्या फायनलला सोळा टीम होत्या. सात सापडल्या. उरलेल्या नवांपैकी एकही पुढे आलेली नाही. सातांनी मिळून दिलेली तक्रार १,३०,००० च्या वर जाते आणि मग तिला कुणी छोटी रक्कम म्हणत नाही, सोळांची तर नाहीच नाही. १२ ऑक्टोबरच्या रात्री साडेअकराच्या सुमारास ज्यांना ते टेबल आलं, त्यांनी आपल्या सहा मॅचचे स्क्रीनशॉट आणि यूटीआर काढून ठेवा. टेबलाच्या दुसऱ्या ओळीत तुमचंच नाव असेल.