फाउंडेशनचा दुसरा सीझन: नऊ महिने, तीन पारायणं आणि मधे एक पूर

फाउंडेशन ही आयझॅक आसिमोव्हच्या विज्ञानकादंबऱ्यांवरची मालिका. आधीच सांगून ठेवते, पुढे तिची सगळी गोष्ट फुटणार आहे. ज्यांना ती कोरी पाहायची आहे त्यांनी एवढंच ऐकून परत फिरावं: दुसरा सीझन पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, बघून टाका.

१४ जुलै २०२३ ला अ‍ॅपल टीव्ही प्लसवर तो सुरू झाला तेव्हा मी महिन्याचे ९९ रुपये भरले ते कुरकुरतच. २०२१ चा पहिला सीझन नेटाने संपवला होता. दिसायला राजेशाही, पण लग्नघरातल्या त्या एका काकांसारखा, जे चहा मागतानाही भाषण ठोकतात. दहा भागांत कोणी खळखळून हसल्याचं मला आठवत नाही. गोष्ट सांगणाऱ्या गाल डॉर्निकचा, म्हणजे नायिकेचा, आवाज मागून सारखा बजावत राही, हे फार थोर चाललं आहे बरं का. सम्राटांचा भाग तेवढा जबरदस्त होता. पहिल्या क्लिऑनचेच क्लोन. तरुण डॉन, मधला डे, म्हातारा डस्क. एकाच माणसाच्या तीन वयांनी मिळून चालवलेलं साम्राज्य. आसिमोव्हच्या कादंबऱ्यांत हे नाही, मालिकेने स्वतःच्या डोक्याने घातलं आहे, आणि गंमत म्हणजे तेच सगळ्यात चांगलं. टर्मिनसवरच्या, म्हणजे फाउंडेशनची वसाहत ज्या ग्रहावर आहे तिथल्या, माणसांची मात्र मला शेवटपर्यंत नावं पाठ झाली नाहीत.

दुसरा सीझन एकदम १३८ वर्षं पुढे जातो. पहिल्याच भागात सम्राट डे शय्येवर आहे, अंगावर सूत नाही, आणि मारेकरी खोलीत शिरतात. सतरावा क्लिऑन तसाच उठून मारामारी करतो. डे झालेल्या ली पेसला हे असं करताना लाज वाटत नाही हे त्याचं मोठेपण. मी उशी पोटाशी धरून बसले होते. भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. पहिल्या सीझनमध्ये हे दोन्ही एकदम कधी झालं नव्हतं.

मग माणसं येतात. होबर मॅलो हा व्यापारी कम ठग, ज्याला लोकांनी मारायला टपून बसावं असंच त्याचं वागणं. बेकी नावाचं एक भलंमोठं जनावर. पॉली आणि कॉन्स्टंट हे फाउंडेशनच्या धर्माचे प्रचारक, जे गावोगाव फिरून विज्ञानाचे खेळ चमत्कार म्हणून दाखवतात आणि भक्त गोळा करतात. हे बघताना मला आपल्याकडचे अंगारे-धुपारेवाले आठवले, फक्त इथे चमत्कार करणाऱ्याला त्यामागचं विज्ञान ठाऊक आहे. पॉली पिऊन तर्र असतो आणि तरीही त्याची श्रद्धा खरी आहे. असा माणूस लिहिता येणं सोपं नाही.

होबरकडे एक यंत्र आहे, समोरच्याशी क्षणात जागा बदलून देणारं. आधी ते गंमत म्हणून येतं. तुम्ही हसता आणि विसरता. शेवटच्या भागात तेच यंत्र सम्राटाला जहाजाच्या बाहेर, उघड्या अंतराळात नेऊन सोडतं. दुसऱ्यांदा बघताना मी ते यंत्र पहिल्यांदा दिसलं तिथेच थांबवलं आणि माझी मीच वैतागले, एवढं डोळ्यासमोर ठेवलं होतं आणि आपल्याला कळलं नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळेच हा सीझन माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा नागपुरात अंबाझरीच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवतात तिथून, २०१७ साली रिटायर झाले. आयुष्य शिफ्टमध्ये गेलं. विज्ञानकथा वगैरे त्यांच्या वाट्याला नाही, पण मी दर शुक्रवारी नवा भाग लावायची तेव्हा ते पेपर घेऊन तिथेच असायचे. तिसऱ्या आठवड्यात पेपर खाली ठेवून विचारलं, "हा सेल्डन नेमकं काय करून राहिला?" साम्राज्य कोसळणार हे ओळखून फाउंडेशन उभारणारा गणितज्ञ तो, असं सांगून मी त्याची सायकोहिस्ट्री समजावायला घेतली. एकेका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, पण कोट्यवधी माणसांचा जमाव कुठे जाणार हे गणिताने काढता येतं...

"म्हणजे लोड फोरकास्ट," बाबा म्हणाले.

मी गप्प.

"कोणाच्या घरी कूलर किती वाजता लागन ते ब्रह्मदेवाले नाही सांगता येणार. पण मे महिन्यात रात्री अकराला विदर्भाचा लोड किती राहीन ते आदल्या दिवशीच कागदावर असते. दिवसाचे शहाण्णव ब्लॉक, पंधरा-पंधरा मिनिटांचे. त्याच्यात काय एवढं?"

पहिल्या सीझनने दहा तासांत जे मला पटवलं नव्हतं ते कूलरने पटवलं. मग मी त्यांना मूळ कादंबऱ्यांतली अट सांगितली: हे गणित चालायचं तर ज्यांच्याबद्दल ते मांडलंय त्या लोकांना ते माहीत असून चालत नाही. कळलं की लोक वागणं बदलतात. बाबा लगेच म्हणाले, पाच एप्रिल. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचं ठरलं होतं, आठवतं का? देशभरात बारा ते चौदा हजार मेगावॉट मागणी उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात उतरली एकतीस हजारांहून जास्त. बाबा रिटायर होऊन तीन वर्षं झालेली, तरी त्या रात्री फोन हातात घेऊन गच्चीवर येरझारा घालत होते. जलविद्युत केंद्रं भराभर खाली-वर केली म्हणून ग्रिडची फ्रिक्वेन्सी सांभाळली गेली. "लोकाइले आधी सांगितलं की असं होते," म्हणाले आणि पेपर परत उचलला. पण वाचत नव्हते.

त्यानंतर शुक्रवारी माझ्याआधी तेच टीव्हीसमोर.

शेवटचा भाग १५ सप्टेंबरला आला. मी त्याच रात्री पाहिला. बाबा मधे दोन आठवडे पुण्याला गेल्यामुळे मागे पडले होते. २२ तारखेच्या शुक्रवारी आठवा संपवून म्हणाले, नववा उद्या. २३ च्या पहाटे जो पाऊस कोसळला तो नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आमचं घर डागा ले-आऊटमध्ये, तळमजला. लाईन गेलेलीच होती. अंधारात पाय खाली टाकला तर पाणी. तासाभरात कमरेला. फ्रिज आडवा होऊन तरंगत स्वयंपाकघराच्या दारात अडकला, आणि टीव्ही बुटक्या स्टँडवर होता तो तसाच खाली गेला. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जिन्यात बसून होतो. ज्या तलावाच्या काठावर बाबांनी नोकरी काढली तोच घरात आला होता.

पुढचे दोन महिने मानेवाड्याला भावाकडे. नववा आणि दहावा भाग बाबांनी दिवाळीनंतर पाहिला, परत घरी येऊन, माझ्या लॅपटॉपवर, भिंतींना अजून ओल आणि रंगाचा वास. मी सोबत दुसऱ्यांदा पाहत होते.

नवव्या भागाच्या सुरुवातीला डेमरझेलची गोष्ट आहे. राजवाड्याच्या पोटात एक कोठडी, तिथे हजारो वर्षं कैद असलेली यंत्रस्त्री, शरीराचे काप करून वेगवेगळे टांगलेले, आणि तरी ती बोलते. एक लहान मुलगा चुकून तिथे पोचतो. तोच पहिला क्लिऑन. येत राहतो, गोष्टी ऐकतो, मोठा होतो, म्हातारा होतो, आणि शेवटी तिला सोडवतो. पण सोडवतानाच आपल्या घराण्याशी कायमची बांधून टाकतो. या प्रसंगात स्फोट नाही, जहाजं नाहीत. दोन माणसं (एक माणूस म्हणा) आणि मधे जाळी. लॉरा बिर्न चेहऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही, आणि ती पहिलं पाऊल बाहेर टाकते तेव्हा छाती भरून येते. तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा. पहिल्या सीझनमध्ये ती राण्या-राजांच्या मागे उभी राहणारी गूढ बाई होती. आता कळतं की साम्राज्याची खरी मालकीण आणि खरी कैदी तीच, आणि सम्राट म्हणजे तिच्या गळ्यातलं लोढणं.

मग टर्मिनस. सेनापती बेल रिओझ याला डे हुकूम करतो: जहाज ग्रहावर आदळव. रिओझचा नवरा ग्लॉएन त्याच ग्रहावर खाली अडकलेला आहे. इथवर बाबांनी त्या दोघांच्या संसाराबद्दल एक शब्द काढला नव्हता; मला वाटायचं त्यांनी त्यांना मित्रच समजून घेतलंय. त्या क्षणी लॅपटॉपकडे वाकून म्हणाले, "अरे पण याचा नवरा खालीच आहे ना?" आणि रिओझने हुकूम पाळला तेव्हा उठून पाणी प्यायला गेले.

कादंबरीतला रिओझ वेगळ्या वाटेने संपतो. तिथे जिंकणाऱ्या सेनापतीचाच सम्राटाला संशय येतो, त्याला माघारी बोलावून मारतात, आणि आसिमोव्हचा मुद्दा असा की साम्राज्याची घडणच अशी, दुसरं काही होऊ शकलं नसतं. मालिकेत सम्राट स्वतःच हट्टाने आघाडीवर येतो आणि मरतो. गणिताच्या हिशोबाने हे कच्चं आहे. एका माणसाच्या गर्वावर इतिहास वळवला. पण शेवटी रिओझ आणि होबर, दोन शत्रू, सगळं संपलेलं असताना शेजारी बसून घोट घेतात, तेव्हा मी हिशोब सोडून दिला.

तक्रारी आहेत. इग्निस ग्रहावरचा, मनं वाचणाऱ्यांचा सगळा भाग रबरासारखा ताणलाय. बाबा तिथे खुशाल डुलक्या काढायचे. सॅल्व्हरला ज्या घाईने मारलं तो तर अन्यायच. गाल आणि सॅल्व्हर, आई-मुलीची ही जोडी, त्यातही मुलगी आईपेक्षा वयाने मोठी, आता कुठे रंगात येत होती. आणि मेलेल्यांना परत आणायची खोड. हॅरी सेल्डनला बुडवून मारतात, तो परत येतो. अख्खं टर्मिनस नष्ट होतं, आणि पुढच्या भागात कळतं, माणसं तिथल्या व्हॉल्टच्या, म्हणजे सेल्डनच्या त्या गूढ वास्तूच्या, आत सुखरूप आहेत. पहिल्यांदा बघताना मी चिडून फोन आपटला होता. आठवडाभर रडवलं आणि मग म्हणे कोणी मेलंच नाही!

हेच मी बाबांना म्हटलं. ते त्या गर्दीकडे बघत होते, व्हॉल्टमधल्या. "तुले फसवणूक वाटते," म्हणाले. "मले तर बरं वाटलं." आमच्या मागे भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ रंगातूनही दिसत होती. मी वाद घातला नाही. माझं मत मात्र तेच आहे, ती पटकथेची लबाडीच.

तिसरं पारायण या महिन्यात झालं. भाचा दहावीची परीक्षा आटोपून आलाय. टीव्ही नवा, यावेळी भिंतीवर उंच ठोकलेला, मान वर करून बघावं लागतं. कूलरला नव्या ताट्या बसवल्यात, त्यामुळे घरघर इतकी की संवाद ऐकू येत नाहीत; इंग्रजी सबटायटलशिवाय एप्रिलनंतर नागपुरात हे बघायला बसू नका. भाच्याने विचारलं, पहिला सीझन बघणं कंपल्सरी आहे का? मी म्हणणार होते, पहिले दोन भाग, आठवा आणि दहावा बघ, बाकी सोड. तेवढ्यात बाबा म्हणाले, काही गरज नाही, पहिला सीझन मी तुले दहा मिनिटांत सांगतो.

पावणेदोन तास झाले, मी दोनदा चहा केला, आणि ते अजून पहिल्याच भागातल्या स्टार ब्रिजवर होते.