‘एएम’ घेऊ की ‘ट्रँक्विलिटी बेस’?

खानापूरच्या भाच्याला आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडची एकच रेकॉर्ड घ्यायचीय. “मामा, २०१३ची ‘एएम’ की २०१८ची ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कॅसिनो’?”

पहिल्या ऐकण्यात ‘एएम’ सरळ जिंकते. गिटार जड, ठेका असा की निपाणी-बेळगाव बसच्या खडखडाटातही मान डोलते. दुसरीत पियानो पुढे, गिटार मागे. बँडचा गायक ॲलेक्स टर्नर याने गाणी पियानोवर बसून रचली, रेकॉर्ड येण्याआधी एकही सुटं गाणं सोडलं नाही. जुने चाहते बिथरले, समीक्षकांनी मात्र बरंच उचलून धरलं. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत आपापल्या वर्षी दोन्ही होत्या.

पुन्हा पुन्हा ऐकायला मला दुसरीच सरस वाटते. पावसात दार लावून पाचव्यांदा ऐकली, तेव्हा कुठे बेस गिटारची चाल उलगडली.

दोस्तांत वाजवायची तर ‘एएम’ घे. रात्री एकट्याने शब्द ऐकायचे असतील तर दुसरी.