पांगुळगाडा की वॉकर?
बाळ धरून उभं राहायला लागलं की कुणीतरी हौसेनं गोल वॉकर आणतंच. त्यात बसवलं की आईचे हात मोकळे, हे खरं. पण चवड्यांनी रेटा देत बाळ क्षणात जिन्याच्या तोंडाशी पोचतं, टेबलावरचा गरम चहाही हाताला लागतो. आणि चालणं काही त्यानं लवकर येत नाही. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

लाकडी तीनचाकी पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं, दांडी धरून तोल सावरतं, दमलं की फतकल मारतं. गुळगुळीत फरशीवर मात्र तो सुळकन पळतो. सतरंजी अंथरा, मागे कुणीतरी हवंच. माझं मत पांगुळगाड्याला. वॉकर भेट आलाच असेल तर चाकं काढून मगच भंगारात द्या, शेजारी नको.