सेकंडहँड स्कूबा कॉम्प्रेसर: घेतला, बसवला, 14 महिने झाले

कोल्हापुरात समुद्र नाही, मग तुला हे स्कूबाचं खूळ कशाला, असं सासऱ्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. विहिरी आहेत की! दोर तुटून तळाला गेलेली पाणबुडी मोटर, फुटव्हॉल्व्हला गुंडाळलेलं गोणपाट, एकदा तर बुलेटची चावी. पोहायला मी विहिरीतच शिकलो, पाठीला टाकी लावायला तारकर्लीला. अडचण एकच होती. टाकी रिकामी झाली की फोंडा घाट उतरून मालवण गाठायचं, जायला दीडशेच्या आसपास किलोमीटर, यायला तेवढेच. दोन टाक्या हवेपायी डिझेल किती जळतं, हे बायकोने एकदा कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दाखवलं. त्यानंतर मी टाकीत दाबाने हवा भरणारा कॉम्प्रेसर शोधायला लागलो.

किनाऱ्यावरच्या एका डायव्हिंगवाल्याने धंदा आवरताना काढलेला मिळाला. जर्मन बनावट, तीन स्टेज (हवा तीन टप्प्यांत दाबतो), 2.2 किलोवॅटची थ्री-फेज मोटर, मिनिटाला 100 लिटर. 1 लाख 35 हजाराला ठरला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या कटकटी कंपनीने केलेल्या नाहीत, वापरणाऱ्याने केल्यात. "सर्व्हिस करूनच देतोय," असं तो दोनदा म्हणाला होता. शेडमध्ये आणून ऑइल सोडलं तर काकवीसारखं काळं. वर ते श्वासाच्या हवेसाठीचं ऑइलच नव्हतं, गॅरेजातल्या कॉम्प्रेसरचं. हा कंजूसपणा मला सगळ्यात जास्त लागला. टायरला चालतं ते फुप्फुसाला चालत नाही. मशीन तापून असलं ऑइल जळायला लागलं की कार्बन मोनॉक्साइड आतल्या आतच तयार होऊ शकतो, आणि त्याला वास नसतो.

बसवायचं काम सोपं वाटलं होतं. आमची शेड उद्यमनगरात, थ्री-फेज आधीपासून आहे. वायरमनने जोडणी करून बटण दाबलं, फ्लायव्हील फिरलं, तो म्हणाला, "फिरतंय की दादा, काय विषय नाही." विषय होता. कव्हरवरचा बाण एकीकडे आणि चाक दुसरीकडे. चाकाच्या पात्याच पंख्याचं काम करतात, उलटं फिरलं तर थंड हवा सिलिंडरवर येतच नाही. दोन फेज अदलाबदल केल्या, पाच मिनिटांचं काम. पण बाण बघितला नसता तर पहिल्याच दिवशी पिस्टन भाजला असता.

मग टाकी भरायला किती वेळ लागतो ते बघितलं. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब, म्हणून 12 लिटरची टाकी शून्यापासून 200 बारपर्यंत म्हणजे 2400 लिटर हवा. मिनिटाला 100 लिटर धरले तर 24 मिनिटं. माझ्या घड्याळात 37 झाली. जुनं मशीन बघायला जाणाऱ्याने दुसरं काही नाही केलं तरी एवढी एक परीक्षा घ्यावी. मी घेतली नव्हती. तिथे समुद्र दिसला आणि अक्कल बुडाली. हेड उघडलं तर शेवटच्या स्टेजचा व्हॉल्व्ह काजळीने माखलेला आणि रिंगा घासलेल्या. शेजारच्या लेथवाल्या मिस्त्रींनी रिंग हातात धरून, डोळा बारीक करून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत करून देतो की." ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीचं गाव आमचं, त्यांचा हात मी वीस वर्षं बघतोय. तरी नाही म्हणालो. मिस्त्री चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कंपनीची मूळ रिंग आणि व्हॉल्व्ह मुंबईहून यायला तीन आठवडे आणि 31 हजार लागले. खालचा स्टँड आणि बेल्टचं गार्ड मात्र मिस्त्रींनीच केलंय. स्टँड मूळ मशीनपेक्षा देखणा झालाय.

आता वेळ 25 मिनिटांवर आहे.

खरा घोळ झाला हवा आत घ्यायच्या पाइपाचा. मी तो खिडकीतून बोळात काढला होता. पहिली टाकी भरून कार्बन मोनॉक्साइडचा मीटर लावला तर आकडा 11. युरोपातल्या श्वासाच्या हवेच्या मानकात मर्यादा दहा लाखांत 5 भागांची आहे. बाहेर बघतो तर बोळात कोळशाचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा, ड्रायव्हर चहा पितोय. त्याला काय दोष देणार! जमिनीवर असा धूर नुसतं डोकं धरायला लावेल, पण 20 मीटर खोल दाब तिप्पट होतो आणि त्या वायूचा मारही तेवढाच वाढतो. टाकी सगळी सोडून दिली. आता पाइप गच्चीच्याही वर नेलाय. लांबी वाढली म्हणून तो आधीपेक्षा जाड घेतला, नाहीतर मशीनचा श्वास कोंडतो. तरीही प्रत्येक टाकीला मीटर लागतोच. मीटर घ्यायला पैसे उरणार नसतील तर कॉम्प्रेसर घेऊच नका.

फिल्टरचंही आधी कुणी सांगितलं नव्हतं. कार्ट्रिजमध्ये पाणी शोषणारे मणी आणि कोळसा असतो. पुस्तकातले तास 20 अंशांच्या हवेचे. आपल्याकडे एप्रिलमध्ये शेडच 40 ला टेकते, गरम हवेत पाणी जास्त, त्यामुळे कार्ट्रिज निम्म्याहून कमी तास टिकतं. पावसाळ्यात साठलेलं पाणी सोडायचा ड्रेन कॉक दर दहा मिनिटांनी उघडतो. फस्सकन जे बाहेर पडतं ते ताकासारखं पांढरट असतं, एकदा बघितलं की ड्रेन करायला विसरत नाही माणूस.

घरचीच टाकी, घरचीच हवा, मग कागद कशाला, असा माझाही समज होता. गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे दाबाखालचा वायू सिलिंडरमध्ये भरायला परवाना लागतो, आणि तो पेसोकडून, म्हणजे नागपूर मुख्यालय असलेल्या स्फोटकवाल्या खात्याकडून. माझे कागद अपुरे होते, ते पुरे करण्यात पाच महिने मशीनवर ताडपत्री होती. टाकीच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची, तारीख बघा. पाच वर्षं उलटलेली टाकी मी भरत नाही, मग ती सख्ख्या मेहुण्याची का असेना. (होती. तो अजून रुसलेला आहे.)

एक आडवं सांगतो, कॉम्प्रेसरशी संबंध नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मालवणला दिवसभर डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढणं म्हणजे खोल पाण्यात अंगात मुरलेल्या आणि आता सुटायला आलेल्या नायट्रोजनला वर ओढणं. मी बरीच वर्षं तेच करत होतो. आता तिथे मुक्काम करतो, सोलकढी पितो आणि दुसऱ्या दिवशी निघतो.

एकूण खर्च 2 लाखांच्या वर गेला. महिन्याला दोन-तीन टाक्या लागणाऱ्याने हा उद्योग करू नये, घाट उतरावा. ज्याच्याकडे शेड आहे, पान्याची सवय आहे आणि गेजसमोर 25 मिनिटं मोबाइल न बघता बसायची तयारी आहे, त्याला मशीन पाचपैकी चार. विकणाऱ्याला एक, तोही दोर बांधून टेम्पोत चढवायला हात लावला म्हणून. आवाजाबद्दल तक्रार आली ती फक्त समोरच्या काकूंची. त्यांच्या मालिका सातला सुरू होतात, म्हणून पावणेसातला मी मेन स्विच पाडतो. परवा टाकी 170 वरच राहिली.