नागपूरच्या उन्हात सिलिकॉन आणि सिलिकोन

गच्चीवर सोलर बसवायचंय आणि कूलरची टाकीही गळतेय, तर या दोघांशी एकदमच गाठ पडते. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात बोलताना दोन्ही ‘सिलिकॉन’च असतात, वस्तू मात्र अगदी वेगळ्या.

सिलिकॉन हे मूलद्रव्य. गारगोटीपासून काढलेलं, राखाडी, चकाकणारं, ठिसूळ. वितळायला १४१४ अंश सेल्सिअस लागतात. मोबाइलची चिप आणि सोलरचे सेल त्याचेच. त्याच्या अणूंची ऑक्सिजनशी साखळी गुंफून कडेला कार्बनचे गट जोडले की होतं सिलिकोन: केकचा साचा, मोबाइलचं मऊ कव्हर, खिडकीचं सीलंट.

मे महिन्यात दोघांचे स्वभाव कळतात. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं आपल्याला वाटतं. पण पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको. त्यावर छापलेले वॅट सेल २५ अंशांवर असतानाचे. पारा ४५ वर गेला की सेल सहज ६५ गाठतो. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरा, म्हणजे १४ टक्के वीज गेली. म्हणून कोटेशनमधल्या वॅटवर भुलू नका, डेटाशीटमधला ‘टेंपरेचर कोइफिशंट’, म्हणजे दर अंशाला किती टक्के वीज घटते तो आकडा, विचारा. उणे ०.४० वाल्यापेक्षा उणे ०.३० वाला थोडा महाग पडला तरी मी नागपुरात तोच घेईन. पॅनलखालून वारा खेळेल एवढी जागाही सोडायला लावा. घाईत बसवणारे इथेच हात आखडतात.

सिलिकोनला आपल्या उन्हाचं काही वाटत नाही. बरं सीलंट शंभर अंशांच्या वरही रबरासारखं लवचिक राहतं, उन्हाने लवकर तडकत नाही. पॅनलमागचा जंक्शन बॉक्ससुद्धा (वायरी जोडायची डबी) बहुधा त्यानेच चिकटवलेला असतो.

सीलंटची नळी घेताना मात्र जपून. व्हिनेगरसारखा वास येतो ते अ‍ॅसेटिक सीलंट काचेला उत्तम, पण कूलरच्या जस्ती पत्र्याला गंज चढवतं. कूलरसाठी ‘न्यूट्रल’ मागा. जुना थर पूर्ण खरवडा, टाकी खडखडीत कोरडी करा, लावल्यावर निदान २४ तास पाणी भरू नका. तळाची चाळणीच झाली असेल तर सीलंटवर पैसे घालवू नका, पत्रा बदला. आणि भिंतीची भेग बुजवून वर रंग द्यायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या; सिलिकोनवर रंग धरत नाही.